दऱ्या आणि दर्या

मराठीत ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. उर्दूत ‘दरिया’ म्हणजे नदी. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना हे तीन शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. आमच्या मुलांच्या कानात घरचा दरिया असतो, पुस्तकात दर्या येतो आणि परीक्षेत दऱ्या. फरक असतो तो एका लहानशा रेषेचा, ‘र’च्या पापणीचा. ती पापणी गेली की डोंगर जाऊन समुद्र येतो.

या पापणीमुळेच मी एका वेगळ्या विषयाकडे ओढला गेलो. संगणकाची मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम कशी तपासली जाते, हा तो विषय. मी प्रोग्रामर नाही. माझं शिक्षण बीएडचं, काम भाषा शिकवण्याचं. पण तपासणी, चाचणी, मूल्यमापन हे शब्द आम्हा शिक्षकांच्या रोजच्या भाकरीतले आहेत. बीएडला असताना ‘घटक चाचणी’ काढून आणा म्हटलं की आम्ही आधी संविधान तक्ता करायचो : कोणत्या उद्दिष्टाला किती गुण, कोणत्या उपघटकावर किती प्रश्न. पुढे कळलं की प्रोग्रामरही ‘युनिट टेस्ट’च घेतात. नाव तेच, कल्पनाही जवळपास तीच. एक लहान घटक घ्यायचा, त्याला ठरावीक प्रश्न विचारायचा, अपेक्षित उत्तर आलं का ते पाहायचं.

फरक इतकाच की आमचा विद्यार्थी चाचणी चालू असताना बदलत नाही. त्यांचा बदलतो.

लिनक्सचंच घ्या. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने सुरू केलेला हा कर्नल आज अँड्रॉइड फोनपासून बँकांच्या सर्व्हरपर्यंत सगळीकडे आहे. त्याची नवी आवृत्ती साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. पहिले दोन आठवडे नवे बदल आत घेतले जातात. मग दार बंद होतं आणि दर रविवारी एक ‘रिलीज कँडिडेट’, म्हणजे उमेदवार आवृत्ती निघते. सात-आठ उमेदवार झाले की पक्की आवृत्ती. एवढ्या काळात दहा हजारांहून जास्त बदल आत येतात आणि ते जगभरातल्या हजारांवर माणसांनी लिहिलेले असतात. दिवसाला शंभराहून अधिक दुरुस्त्या. आमच्या भाषेत सांगायचं तर पेपर तपासत असताना मुलगा मागे उभा राहून उत्तरं खोडून नवी लिहितोय.

कर्नलच्या वर पुन्हा मजले आहेत. अक्षरं दाखवणारा भाग, फॉन्ट, खिडक्या, कीबोर्ड, भाषांतर. हे सगळं एकत्र बांधून आपल्या हातात देणाऱ्यांना ‘डिस्ट्रिब्युशन’ म्हणतात. उबुंटू २००४ पासून साधारण दर एप्रिल आणि ऑक्टोबरला नवी आवृत्ती काढते. फेडोराही वर्षाला दोनदा. डेबियनवाले सावकाश चालतात. त्यांच्याकडे अस्थिर, चाचणी आणि स्थिर असे तीन वर्ग आहेत. अस्थिर वर्गातलं पॅकेज काही दिवस गंभीर तक्रारीविना राहिलं तरच ते वरच्या वर्गात चढतं. आपल्याकडे आठवीपर्यंत नापास न करण्यावरून जो वाद झाला, तो डेबियनवाल्यांनी आपल्या परीने सोडवला आहे म्हणायचं.

२०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा आम्ही दोन शब्द घोकले : आकारिक आणि संकलित. आकारिक म्हणजे शिकता शिकता चाललेली पाहणी, संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. जुन्या कंपन्या सॉफ्टवेअरची संकलित परीक्षा घेत. दोन-तीन वर्षं लिहायचं, मग काही महिने तपासायचं, मग डब्यात घालून विकायचं. वेगाने घडणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरला ती चैन नाही. तिथे प्रत्येक बदलासोबत चाचणी चालते आणि ती बहुतेक यंत्रच घेतं. गूगलच्या लोकांनी चालवलेला सिझबॉट २०१७ पासून कर्नलला वेडेवाकडे प्रश्न विचारत बसलेला आहे. माणूस जे कधी करणार नाही असे क्रम लावून पाहायचे आणि कर्नल कोलमडला की लगेच कळवायचं, हे त्याचं काम. त्याने हजारो दोष दाखवले. कर्नलसीआय नावाची दुसरी व्यवस्था जगातल्या निरनिराळ्या प्रयोगशाळांतल्या यंत्रांवर रोज नवा कर्नल चालवून पाहते.

मग यंत्रं एवढी राबत असताना सोलापुरातल्या मास्तराचं तिथे काय काम?

माझा अनुभव सांगतो. शाळेच्या जुन्या संगणकांवर नवी विकतची सिस्टीम चालेना, म्हणून एका माजी विद्यार्थ्याने त्यांवर मुक्त सिस्टीम टाकून दिली. ती आवडली, म्हणून मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरच्या संगणकावर पुढच्या आवृत्तीची चाचणी प्रत लावून पाहू लागलो. एकदा सरावाची प्रश्नपत्रिका तिच्यातून चिकटवली आणि ‘डोंगर-दऱ्या’चं ‘डोंगर-दर्या’ झालं. खाली लाल रेघ नाही, कसली सूचना नाही. शब्द दोन्ही खरे, म्हणून शुद्धलेखन तपासणाऱ्यालाही काही खटकलं नाही. ‘आचाऱ्यांना’ टाकून पाहिलं, तर स्वयंपाक करणारे आचारी जाऊन विद्वान आचार्य आले.

कारण शोधायला चार दिवस गेले. पापणीचा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ऱ, मग हलंत. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून र दाबला की हा ऱ मिळतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलंत आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत, पण आतून ते वेगळे आहेत. एक शोधला तर दुसरा सापडत नाही. माझी प्रश्नपत्रिका दुसऱ्या प्रकारची होती. चाचणी प्रतीतल्या कोणीतरी ‘अदृश्य चिन्हं काढून टाका’ असा बदल केला होता. त्यात माझं जोडचिन्हही गेलं आणि पापणी मिटली.

बदल करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. २०२१ मध्ये केंब्रिजच्या दोन संशोधकांनी ‘ट्रोजन सोर्स’ नावाचा धोका दाखवून दिला होता. अरबी, उर्दू, हिब्रू यांसारख्या उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी जी अदृश्य दिशाचिन्हं आहेत, ती वापरून प्रोग्राम माणसाला एक दाखवायचा आणि संगणकाला दुसराच वाचायला लावायचा. त्यानंतर अनेकांनी अदृश्य चिन्हांकडे संशयाने पाहायला सुरुवात केली. ज्याची भाषा फक्त इंग्रजी, त्याला अदृश्य चिन्ह म्हणजे कचरा किंवा कारस्थान वाटणारच. आमच्या घरात उर्दूही आहे आणि मराठीही. दोन्हींना ही न दिसणारी चिन्हं लागतात. आपण कारस्थानी नाही हे सिद्ध करण्याची सवय आम्हाला आहेच, आता आमच्या जोडचिन्हांवरही ती वेळ आली असं तेव्हा गमतीने मनात आलं.

मी तक्रार नोंदवली. उत्तर आलं की आमच्याकडे असं घडत नाही. तपासणारा भला माणूस होता. त्याने मराठी कीबोर्ड लावून ‘दऱ्या’ टाइप करून पाहिलं होतं. पण तो टिंबवाला ऱ वापरत होता, त्यामुळे त्याचे डोंगर शाबूत होते. हे मी समजावून लिहीपर्यंत नवी प्रत आली. माझी तक्रार जुन्या प्रतीवरची ठरली, तेव्हा नव्यावर पाहून सांगा असा निरोप आला. नव्या प्रतीत मेन्यूच बदललेला. पुन्हा सगळं पाहिलं, दोष तिथेच होता. मग प्रश्न आला की हा दोष कुणाचा. लिहिण्याच्या प्रोग्रामचा, त्याखालच्या लायब्ररीचा, की सगळं एकत्र बांधणाऱ्यांचा? तीन ठिकाणी तीनदा तेच लिहिलं. तिसऱ्या प्रतीपर्यंत दोन महिने गेले होते आणि शाळा सुरू झाली होती.

शेवटी दुरुस्ती झाली. जोडचिन्हांना वगळून बाकीची अदृश्य चिन्हं काढायची, असं ठरलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या चाचण्यांच्या यादीत एक ओळ वाढली. तिच्यात ‘दऱ्या’ हा शब्द दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला आहे. आता कुणीही त्या भागात हात घातला की यंत्र आधी विचारतं, डोंगर शाबूत आहेत ना?

वेगाने घडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तपासणीतली सगळी गाठ मला या एका प्रकरणात दिसते. यंत्र थकत नाही, पण ते फक्त विचारून ठेवलेला प्रश्न विचारतं. प्रश्न कुणाला तरी सुचावा लागतो. आणि प्रश्न त्यालाच सुचतो, ज्याचं त्यावाचून अडतं.

याचं उलट उदाहरणही आहे, आणि ते मला फार आवडतं. पडद्यावर अक्षरं जुळवण्याचं काम आज बहुतेक मुक्त सिस्टीममध्ये ‘हर्फबझ’ नावाची लायब्ररी करते. अँड्रॉइडमध्येही तीच. तिचे मुख्य कर्ते बेहदाद एस्फहबोद मूळचे इराणचे. नाव फारसी आहे : हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडा. ‘ओपनटाइप’चं हे फारसी भाषांतर. उर्दू येणाऱ्याला ते वाचताच हसू येतं. २०१२ च्या सुमारास भारतीय लिप्यांचा भाग नव्याने लिहिताना त्यांनी एक युक्ती केली. विकिपीडियातून शब्दांच्या मोठाल्या याद्या काढल्या आणि प्रत्येक शब्द आपल्या लायब्ररीतून व मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइबमधून काढून ताडून पाहिला. एकट्या देवनागरीचे सात लाखांहून जास्त शब्द होते. प्रत्येक बदलानंतर किती जुळले, किती चुकले याचा आकडा ते नोंदीत लिहीत. देवनागरी न बोलणाऱ्या माणसाने आपल्या जोडाक्षरांची अशी सेवा केली. दुवा द्यावी असं काम आहे.

तरीही सात लाख शब्दांत सगळं येत नाही. विकिपीडियात जे लिहिलं गेलं तेच त्यात येणार. मुलांची नावं, हजेरीपट, नुक्ता देऊन लिहिलेलं उर्दू, हे तिथे कमीच. शिवाय अक्षर बरोबर दिसलं म्हणजे काम संपलं असंही नाही. क्रमाचा प्रश्न राहतोच. मराठी कोशात ळ हा ह नंतर येतो, मग क्ष आणि ज्ञ. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ हा ल च्या शेजारी बसलेला आहे. भाषेचा नियम सिस्टीमला वेगळा शिकवला नाही, तर यादी चुकीची लागते आणि ती चुकली हे मराठी माणसालाच कळतं.

क्रम ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, म्हणून एक दाखला. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सच्या ‘जीलिबसी’ या मूळ लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती आली. तिच्यात शब्दांचा क्रम लावण्याचे नियम आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार ताजे केले होते. सुधारणा चांगलीच होती. पण पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सूची जुन्या क्रमाने लावलेल्या होत्या. सिस्टीम अद्ययावत केल्यावर डेटाबेस नव्या क्रमाने शोधू लागला आणि असलेल्या नोंदी ‘नाहीत’ असं सांगू लागला. ज्यांनी सूची पुन्हा बांधल्या ते सुटले, बाकीचे गोंधळले. दोन्ही घटक आपापल्या घटक चाचणीत उत्तीर्ण होते. नापास झाली ती त्यांची सोबत.

आमच्या सोलापुरात याला समजायला सोपं उदाहरण आहे. साध्या पॉवरलूमवर आडवा धागा तुटला तर यंत्र स्वतः थांबतं, तशी खटकी त्यात असते. उभा धागा तुटला तर मात्र यंत्र चालूच राहतं आणि कापडात लांबच लांब रेघ पडत जाते. ती विणकराच्या नजरेलाच पडावी लागते. चादर कारखान्यातून बाहेर पडण्याआधी कोणीतरी ती उजेडात धरून पाहतो ते त्यासाठीच. स्वयंचलित चाचण्या म्हणजे ती खटकी. माग जितका जोरात चालेल तितकी खटकी हवीच. पण माग जितका जोरात, तितकी न दिसलेली रेघही लांब जाते.

प्रोग्रामर अशा रेघेला ‘रिग्रेशन’ म्हणतात. काल चालत होतं, आज चालत नाही. लिनक्स कर्नलमध्ये नियम कडक आहे : वापरणाऱ्याचं चालू काम मोडायचं नाही. नियम पाळला जातो का हे पाहायला मात्र कुणीतरी वही घेऊन बसावं लागतं. थॉर्स्टन लीमहुइस या जर्मन पत्रकाराने ते काम अंगावर घेतलं. कुठे काय मोडलं, कुणी कळवलं, कुणी उत्तर दिलं नाही, याची नोंद ठेवायची आणि पाठपुरावा करायचा. नवं लिहिणाऱ्यांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात, वही ठेवणाऱ्याचं क्वचित.

तपासणीत नाव राहावं म्हणून कर्नलवाल्यांनी एक चांगली पद्धत ठेवली आहे. प्रत्येक बदलाच्या खाली ओळी असतात. कुणी लिहिला, कुणी पुढे पाठवला, कुणी तपासला, दोष कुणी कळवला, चालवून कुणी पाहिला. सही करण्याची ही रीत २००४ मध्ये सुरू झाली, कारण कोड कुठून आला याबद्दल न्यायालयात वाद निघाले होते. मदरशात थोडंफार शिकलेल्या माणसाला ही यादी पाहून इस्नाद आठवल्याशिवाय राहत नाही. हदीस सांगताना आधी रावींची साखळी सांगायची : अमुक यांनी अमुक यांच्याकडून ऐकलं. मग प्रत्येक रावीचा खरेपणा आणि त्याची स्मरणशक्ती तपासायची. त्यासाठी जरह व तादील नावाचं एक शास्त्रच उभं राहिलं. मजकूर कितीही गोड असो, साखळीत एक कडी कच्ची असेल तर तो कमकुवत ठरतो. आमच्या बुजुर्गांनी जो प्रश्न विचारला, तोच हे लोक विचारतात : हे तुझ्यापर्यंत कुणाच्या हातून आलं, आणि त्या हाताची खात्री कोण देतो?

बीएडचे आणखी दोन शब्द इथे कामाला येतात : वैधता आणि विश्वसनीयता. जे मोजायचं तेच मोजलं जातंय का, ही वैधता. पुन्हा मोजलं तर तेच उत्तर येईल का, ही विश्वसनीयता. कधी उत्तीर्ण, कधी नापास अशी चाचणी विश्वसनीय नसते आणि घाईत लोक तिच्याकडे काणाडोळा करायला शिकतात. तसं झालं की एक दिवस खरा दोषही त्या काणाडोळ्यातून निसटतो. वैधतेचं दुखणं याहून खोल आहे. हजार चाचण्या हिरव्या दिसतात, पण त्यांत मराठीचा एकही शब्द नसेल तर तो हिरवा रंग आपल्यासाठी काहीच सांगत नाही. पेपर उत्तम, फक्त तो दुसऱ्याच विषयाचा.

२००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यात फेडोरावर बांधलेली ‘शुगर’ ही सिस्टीम होती आणि ती तेव्हा अजून घडतच होती. तिथली मुलं घडत्या सिस्टीमवर शिकत होती. त्या मुलांना मी मनात परीक्षक म्हणतो. केरळने दुसरा रस्ता धरला. तिथल्या सरकारी शाळांसाठी ‘काइट’ ही संस्था उबुंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती तयार करते आणि शिक्षकांना त्यावर प्रशिक्षण देते. सगळ्यात नवं तिथे लगेच येत नसेल, पण जे येतं ते शाळेसाठी बांधलेलं असतं. वर्गात मला हाच वेग बरा वाटतो. चाचणी प्रत घरी, स्थिर प्रत शाळेत. मुलांच्या शिकण्यावर प्रयोग करायचा असेल तर त्यांना आणि पालकांना तो प्रयोग आहे हे ठाऊक असायला हवं.

उलट सगळ्यांनीच स्थिर प्रतीची वाट पाहिली, तर स्थिर प्रत स्थिर होणार कशी? एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची बाजू मांडताना म्हटलं होतं की पाहणारे डोळे पुरेसे असले की दोष खोल राहत नाहीत. मला त्यात एक भर घालावीशी वाटते. डोळे मोजून चालत नाही, ते कुठले आहेत हेही पाहावं लागतं. मराठी वाचणारा एकही डोळा नसेल, तर दहा हजार डोळ्यांपुढून दऱ्या जाऊन दर्या येईल आणि कुणाची पापणी लवणार नाही.

म्हणून माझ्यासारख्या भाषाशिक्षकांना एक सुचवतो. आपल्या भाषेचा छळ करणारे चाळीस-पन्नास शब्द एका कागदावर लिहून ठेवा. पापणीचा र दोन्ही पद्धतींनी, ॲ आणि ऑ, ळ-क्ष-ज्ञ यांचा क्रम, नुक्ता असलेली अक्षरं, आणि उर्दू-मराठी एकाच ओळीत, मध्ये कंस आणि आकडे. उर्दू वाक्यातला कंस आणि आकडा कुठल्या बाजूला पळतो ते पाहण्यासारखं असतं. वर्षातून दोनदा, नवी आवृत्ती यायच्या महिनाभर आधी, पेनड्राइव्हवरून चाचणी प्रत चालवा आणि तो कागद तिच्यापुढे ठेवा. संगणकात काही बसवावं लागत नाही. तास-दीड तासाचं काम आहे. दोष दिसला तर आवृत्तीचा क्रमांक लिहा, काय टाइप केलं ते लिहा, काय अपेक्षित होतं आणि काय आलं ते लिहा. मुलांना प्रयोगवहीत आपण हेच लिहायला सांगतो.

उत्तर लगेच येणार नाही. कधी ‘आमच्याकडे घडत नाही’ असं येईल. तेव्हा रागावू नका, दुसऱ्या पद्धतीने टाइप करून दाखवा. आणि दुरुस्ती झाली की तेवढ्यावर थांबू नका. आपला शब्द त्यांच्या चाचणीच्या यादीत घालायला सांगा. दुरुस्ती पुढच्या घाईत पुन्हा मोडू शकते. यादीतला शब्द मात्र दर वेळी हात वर करून विचारतो, माझं काय?